गॅरेजमध्ये तगलेली विद्युत गाडी : जुन्या मोटारी विजेवर आणणाऱ्यांचा इतिहास

१/
२६ ऑगस्ट १९६८. अमेरिकेच्या दोन टोकांना असलेल्या दोन नामांकित तंत्रशिक्षण संस्थांमधून दोन गाड्या निघाल्या. कॅलिफोर्नियातील कॅलटेकची गाडी पूर्वेला मॅसॅच्युसेट्सकडे, तर मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीची गाडी पश्चिमेला कॅलिफोर्नियाकडे. एकीने दुसरीच्या दारात पोहोचायचे होते. दोन्ही गाड्यांत पेट्रोलचा थेंबही नव्हता. कारखान्यातून मात्र त्या पेट्रोलच्या गाड्या म्हणूनच बाहेर पडल्या होत्या. त्यांची इंजिने उतरवून त्या जागी विद्युत मोटर आणि बॅटऱ्या बसवण्यात आल्या होत्या.

२/
जुनी फोक्सवॅगन किंवा जुनी मिनी घरच्या गॅरेजमध्ये विजेवर आणणारे हौशी कारागीर आज जगभर दिसतात. हा छंद नव्या युगाची फॅशन समजला जातो. वस्तुतः त्यामागे सुमारे साठ वर्षांची अखंड परंपरा आहे. मोठ्या कंपन्यांनी विद्युत गाडीकडे पाठ फिरवली होती, त्या काळात तिची विद्या कोणी आणि कशी जपली, आणि त्या जपणुकीतून आज कोणता पेच उभा राहिला आहे, याचा हा मागोवा.

३/
आधी थोडे मागे जावे लागेल. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ रोजी, कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने आपल्या विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली होती. मोटारीने हा वेग गाठण्याची ती पहिलीच वेळ. त्या गाडीचे फ्रेंच नाव होते ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न पावणारी.

४/
पुढच्या वीस वर्षांत चित्र पालटले. टेक्सासमध्ये तेलाचे प्रचंड साठे सापडले, १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली आणि गावोगावी पेट्रोल मिळू लागले. तरीही हँडल मारून इंजिन चालू करण्याचे कष्ट आणि त्यातला धोका उरलाच होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर बसला आणि ती अडचणही सरली. हा स्टार्टर म्हणजे बॅटरीवर चालणारी एक लहानशी विद्युत मोटरच. विजेच्या गाडीचा उरलासुरला लाभ हिरावून घेतला तो असा विजेनेच.

५/
दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना पुन्हा डोके वर काढू लागली. १९५९ मध्ये अमेरिकेत ‘हेनी किलोवॅट’ नावाची गाडी आली. तिचा सांगाडा रेनो कंपनीच्या दोफिन या लहान फ्रेंच गाडीचा होता. इंजिन वगळून त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवलेल्या होत्या. विक्री शंभरीपर्यंतही पोहोचली नाही. पण नवी गाडी घडवण्यापेक्षा असलेल्या गाडीत विजेचे यंत्र बसवणे सोपे, हा तिने घालून दिलेला धडा पुढे उपयोगी पडला.

६/
या साऱ्याला निकड आली ती लॉस एंजेलिसच्या हवेमुळे. शहरावर अधूनमधून तपकिरी धुरके पसरे, डोळे झोंबत, पिके करपत. कॅलटेकमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचे मूळ दाखवून दिले. मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुरके तयार होत होते. मोटार उद्योगाला हा निष्कर्ष सहजी मानवला नाही. कॅलटेकच्या आवारात मात्र तो पुढच्या पिढीने मनावर घेतला.

७/
त्या पिढीतलेच एक विद्यार्थी म्हणजे वॉली रिपेल. त्यांनी १९५८ ची एक जुनी फोक्सवॅगन मायक्रोबस विजेवर आणली आणि थेट एमआयटीला आव्हान दिले. एमआयटीने ते स्वीकारले. त्यांच्या विद्यार्थ्यांकडे १९६८ चे नवे शेव्हरोले कॉर्व्हेअर होते आणि त्यात निकेल-कॅडमियमच्या, सुमारे २०,००० डॉलर किमतीच्या उसन्या बॅटऱ्या होत्या. रिपेल यांच्या दहा वर्षे जुन्या बसमधील शिसे-कोबाल्ट बॅटऱ्यांची किंमत सुमारे ६०० डॉलर. ही तफावत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

८/
मार्ग होता सुमारे ५,३०० किलोमीटरचा. वाटेत ठरावीक अंतरावर ५४ ठिकाणी वीज भरण्याची सोय करण्यात आली होती. अमेरिका खंड ओलांडणारी विद्युत गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांची ही साखळी एका विद्यार्थी-शर्यतीसाठी उभी राहिली, हे आज वाचताना नवल वाटते. चार्जिंगच्या वेळी बॅटऱ्या इतक्या तापत की त्या थंड करण्यासाठी एमआयटीच्या चमूला बर्फाच्या लाद्या वापराव्या लागत. दोन्ही गाड्या वाटेत अनेकदा बिघडल्या.

९/
एमआयटीची गाडी आधी पोहोचली, पण शेवटचा टप्पा तिला दुसऱ्या वाहनामागे बांधून ओढत आणावे लागले. कॅलटेकची बस तिच्यानंतर सुमारे दीड दिवसाने एमआयटीच्या दारात उभी राहिली. गाडी ओढत नेल्यास वेळेचा दंड भरावा लागेल, असा शर्यतीचा नियम होता. सारा हिशोब झाल्यावर कॅलटेक सुमारे अर्ध्या तासाच्या फरकाने विजयी ठरले. नऊ दिवसांच्या प्रवासानंतर निकाल लागला तो अर्ध्या तासाने, आणि जिंकली ती जुनी बस.

१०/
शर्यतीने दोन गोष्टी सिद्ध केल्या. विजेवर खंड ओलांडता येतो, ही पहिली. त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. विजेचे ज्ञान, वेल्डिंगचे यंत्र आणि चिकाटी असलेले चारपाच जण पुरतात, ही दुसरी. कंपन्यांनी पहिल्या गोष्टीकडे कौतुकाने पाहिले आणि त्या आपल्या कामाला लागल्या. दुसरी गोष्ट मात्र गॅरेजमधल्या माणसांनी नेमकी टिपली. आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियात वॉल्टर लास्की यांनी अशा हौशी मंडळींसाठी ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ स्थापन केली होती. ती आजही कार्यरत आहे.

११/
ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल देणे थांबवले. काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला आणि पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. रिपेल यांना धुरक्याची चिंता होती. आता सामान्य माणसाला खिशाची चिंता लागली. गॅरेजमधल्या प्रयोगांची खरी लाट आली ती या काळात.

१२/
हे काम नेमके कसे चाले? प्रथम गाडीतून इंजिन, रेडिएटर, पेट्रोलची टाकी आणि सायलेन्सर काढून टाकायचे. गिअरबॉक्स मात्र जागेवर ठेवायचा. मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी जाड धातूची चकती बनवून घ्यायची. साऱ्या कामात सर्वांत नाजूक भाग हाच. दोन्हींचे दांडे एका रेषेत अचूक आले नाहीत, तर थरथर सुरू होते आणि बेअरिंग लवकर झिजते. म्हणून ज्याच्या ओळखीत चांगला लेथवाला, त्याची गाडी टिकाऊ, असा या मंडळींचा अनुभव.

१३/
मोटर कोठून आणायची? गाडीसाठी तयार मोटर बाजारात नव्हतीच. त्यामुळे नजर गेली ती युद्धानंतर भंगारात निघालेल्या विमानी सामानाकडे. जेट इंजिन चालू करणारे स्टार्टर-जनरेटर वजनाने हलके, ताकदीने दणकट आणि भावाने स्वस्त होते. १९१२ मध्ये स्टार्टरने विजेच्या गाडीला रस्त्यावरून हटवले होते. साठ वर्षांनी विमानाच्या स्टार्टरनेच तिला गॅरेजमध्ये पुन्हा उभे केले. फोर्कलिफ्टच्या मोटरी आणि गोल्फच्या मैदानावरील छोट्या गाड्यांच्या बॅटऱ्या यांचाही असाच उपयोग झाला.

१४/
याच सामानातून अरकॅन्सास राज्यातील डेव्हिड आर्थर्स यांनी ओपेल जीटी या लहान स्पोर्ट्स गाडीत विमानाचा स्टार्टर-जनरेटर आणि गवत कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन एकत्र बसवले. ही गाडी गॅलनला ७५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ३२ किलोमीटर चालते, असे वृत्त ‘मदर अर्थ न्यूज’ या नियतकालिकाने १९७९ मध्ये छापले. तिचे आराखडे मागवणाऱ्या वाचकांची संख्या सुमारे ६०,००० वर गेली. टोयोटाची प्रियस बाजारात यायला अद्याप अठरा वर्षे होती.

१५/
वेग कसा आवरायचा, हा पुढचा प्रश्न. सुरुवातीच्या गाड्यांत मोठमोठे स्विच असत. पॅडल थोडे दाबले की काही बॅटऱ्या जोडल्या जात, आणखी दाबले की आणखी काही. त्यामुळे गाडी पायऱ्या चढावी तशी धक्के देत वेग घेई. पुढे सेकंदाला हजारो वेळा वीजप्रवाह तोडजोड करणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. १९८० च्या दशकात ते आटोपशीर आणि परवडण्याजोगे झाले, तेव्हा घरी केलेली गाडीही कारखान्यातल्या गाडीसारखी अलगद धावू लागली.

१६/
खरी अडचण मात्र बॅटरीची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत ३० ते ४० वॉट-तास. म्हणजे ३० किलोच्या २० बॅटऱ्या, एकूण ६०० किलो, गाडीत भरल्या तरी त्यांतली ऊर्जा दोन ते पावणेतीन लिटर पेट्रोलइतकीच. विद्युत मोटर त्या ऊर्जेचा इंजिनापेक्षा कितीतरी चांगला उपयोग करते, म्हणूनच अशी गाडी ५०-६० किलोमीटर जाऊ शके. पण फोक्सवॅगन बीटलचे स्वतःचे वजनच सुमारे ८०० किलो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा भार किती होता ते कळते. स्प्रिंगा बदलाव्या लागत, ब्रेक मजबूत करावे लागत.

१७/
मग या लोकांनी जुन्याच गाड्या का निवडल्या? त्यामागे स्मृतिरंजन नव्हते, व्यवहार होता. इंजिन निकामी झालेली बीटल जवळपास भंगाराच्या भावात मिळे. तिचे इंजिन मागे, मोजक्या बोल्टांवर धरलेले. दोन माणसे ते दुपारभरात खाली उतरवत. पाण्याचा रेडिएटर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, संगणक नाही. गाडीतला प्रत्येक भाग उघडा आणि समजण्याजोगा. शिकू पाहणाऱ्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक मिळणे कठीण होते. ज्यांना आज आदराने ‘क्लासिक’ म्हटले जाते, त्या गाड्या तेव्हा केवळ जुन्या होत्या.

१८/
सरकारनेही थोडी हालचाल केली. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने विद्युत आणि हायब्रिड वाहनांच्या संशोधनासाठी कायदा केला, तोही राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून. पण १९८० च्या दशकात तेल स्वस्त झाले, रांगा विसरल्या गेल्या आणि उत्साह मावळला. कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवरून विद्युत गाडी पुन्हा उतरली. असोसिएशनच्या मासिक बैठका, हाताने काढलेल्या आकृत्या आणि रविवारी एकमेकांच्या गॅरेजमध्ये जाऊन केलेली मदत यांवर ही विद्या तगून राहिली.

१९/
१९९० च्या जानेवारीत जनरल मोटर्सने ‘इम्पॅक्ट’ ही प्रायोगिक विद्युत गाडी जगापुढे आणली. ती घडवली होती कॅलिफोर्नियातील एअरोव्हायरनमेंट या छोट्या कंपनीने. तिच्या इलेक्ट्रॉनिक्सची मुख्य रचना कॅलटेकमध्ये शिकलेल्या अ‍ॅलन कोकोनी यांची. एअरोव्हायरनमेंटच्या या कामाशी आणखी एक जुने नाव जोडलेले होते : वॉली रिपेल. १९६८ च्या बसमधून गिरवलेले धडे बावीस वर्षांनी जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या मंचावर पोहोचले होते.

२०/
त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने नियम केला की १९९८ पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या तेथील विक्रीत २ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. ‘इम्पॅक्ट’मधून ‘ईव्ही१’ जन्मली; १,११७ गाड्या तयार झाल्या आणि भाड्याने दिल्या गेल्या. कंपन्यांच्या विरोधामुळे नियम सैल झाला. ईव्ही१ परत मागवल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक चिरडून टाकण्यात आल्या. काही थोड्या वस्तुसंग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या गेल्या. कारखान्याच्या दारातून आलेली विद्युत गाडी दुसऱ्यांदा नाहीशी झाली.

२१/
गॅरेजचे दार मात्र उघडेच होते. कोकोनी यांनी १९९२ मध्ये ‘एसी प्रॉपल्शन’ ही छोटी कंपनी काढली आणि आपले तंत्र अजमावण्यासाठी होंडाची एक लहान गाडी विजेवर आणली. त्या अनुभवातून १९९७ मध्ये ‘टीझीरो’ ही वेगवान गाडी तयार झाली. २००३ मध्ये तिच्यातल्या शिशाच्या बॅटऱ्या काढून तेथे लॅपटॉपमध्ये वापरतात तशा हजारो लिथियम-आयन सेल बसवण्यात आल्या. गाडीचे वजन शेकडो किलोंनी घटले आणि पल्ला कित्येक पटींनी वाढला. १९६८ पासून छळणाऱ्या अडचणीवर उतारा सापडला तो असा.

२२/
तिकडे स्टॅनफर्डला शिकलेल्या जे. बी. स्ट्रॉबेल या तरुणाने २००० च्या सुमारास १९८४ ची एक पोर्श ९४४ विजेवर आणली होती. गाडी झपाट्याने धावे, पण पल्ला फार थोडा. लांबच्या प्रवासासाठी त्याने चक्क इंजिन बसवलेला ट्रेलर मागे जोडला, जो गाडीला ढकलत नेई. टीझीरो पाहून प्रभावित झालेल्या मार्टिन एबरहार्ड यांनी मार्क टार्पेनिंग यांच्यासह २००३ मध्ये टेस्ला कंपनी स्थापली. स्ट्रॉबेल पुढे तिचे तंत्रप्रमुख झाले. त्यांची पहिली गाडी ‘रोडस्टर’ लोटस एलिस या गाडीच्या रचनेवर आधारलेली होती आणि तिच्यासाठी एसी प्रॉपल्शनच्या तंत्राचा परवाना घेतलेला होता.

२३/
सारेच कारखानदार झाले नाहीत. ओरेगॉन राज्यातील जॉन वेलँड यांची १९७२ ची डॅटसन १२०० वर्षानुवर्षे त्यांच्या घरीच घडत राहिली. ‘व्हाइट झॉम्बी’ हे तिचे नाव. दिसायला साधी, चौकोनी, घरगुती गाडी. २०१० मध्ये तिने पाव मैलाचे अंतर १०.२५८ सेकंदांत कापले. ड्रॅग शर्यतीत शेजारी उभी असलेली महागडी गाडी मागे पडताना पाहिलेल्यांना विद्युत मोटरचे बळ वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

२४/
२०१० च्या अखेरीस निसान लीफ बाजारात आली, पाठोपाठ टेस्लाच्या इतर गाड्या आल्या. त्यांचे अपघात होऊ लागले आणि भंगारात तयार मोटर, कंट्रोलर आणि लिथियम बॅटऱ्या मिळू लागल्या. विमानाच्या भंगारावर सुरू झालेली परंपरा विद्युत गाड्यांच्या भंगारावर आली. याच सुमारास जुन्या बीटलचे मोल बदलले. जी कधी भंगाराच्या भावात मिळत होती, ती आता संग्राहकांची ठेव झाली. येथून छंदाला वादाचे वळण लागले.

२५/
१९ मे २०१८ रोजी ब्रिटनचे राजपुत्र हॅरी विवाहानंतर पत्नी मेगन यांच्यासह १९६८ च्या जग्वार ई-टाइपमधून निघाले. ती गाडी विजेवर आणलेली होती, आणि जग्वार कंपनीच्याच विभागाने आणलेली होती. बॅटरी मूळ इंजिनाच्या जागी, तेवढ्याच आकारात बसवलेली. मूळ इंजिन पुन्हा बसवता यावे म्हणून गाडीच्या सांगाड्यात मोडतोड टाळलेली. काहींना ते दृश्य मोहक वाटले. काहींना वाटले, ई-टाइपचा आवाजच गेला तर उरले काय?

२६/
ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिने २०१९ मध्ये आपली भूमिका मांडली. तिचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी ऐतिहासिक ठरते ती केवळ बाह्य आकारामुळे नव्हे, ती मुळात ज्या रीतीने घडवली गेली, त्या समग्र रचनेमुळे ठरते. इंजिन काढले की ती त्या व्याख्येत बसत नाही. तरीही कोणी हा बदल केलाच, तर तो उलटवता येईल असा करावा आणि मूळ भाग खुणा करून जपून ठेवावेत.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. जुने इंजिन हे एक साधन आहे, जसा ताम्रपट किंवा मोडी दस्त. धातू कसा ओतला, कोणते माप वापरले, कोणती दुरुस्ती केव्हा झाली, हे त्यावरून वाचता येते. दुसरी बाजूही दुबळी नाही. मूळ भाग न मिळाल्याने शेडमध्ये गंजत पडलेली गाडी कोणालाच काही सांगत नाही. रस्त्यावर धावणारी गाडी निदान चालवली जाते, पाहिली जाते आणि मुलानातवंडांपर्यंत पोहोचते. वस्तू जपायची की तिचा वापर जपायचा, हा प्रश्न वाडे आणि मंदिरे यांच्या जीर्णोद्धारातही दरवेळी उभा राहतो.

२८/
दरम्यान कायद्याने गॅरेजचे दार बहुतांशी ओढून घेतले आहे. फ्रान्सने मार्च २०२० च्या आदेशाने जुन्या गाड्या विजेवर आणण्यास परवानगी दिली, पण ते काम मान्यताप्राप्त व्यावसायिकांनीच करायचे. भारतातही तेच. मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला संच अधिकृत केंद्रातच बसवावा लागतो आणि आरटीओकडे नोंदणीपुस्तकात तशी नोंद करावी लागते. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे. आपल्या मनाने केलेला बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग ठरतो. यामागे कारण आहे. रिपेल यांच्या काळातील शिशाच्या बॅटऱ्यांच्या मानाने आजचा ३००-४०० व्होल्टचा लिथियम संच फार घातक ठरू शकतो.

२९/
जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहनेच त्यात बसतात. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या फियाट आणि पद्मिनी आता एकेक करून ही वयोमर्यादा ओलांडत आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची हटली. घरोघरी झाकून ठेवलेल्या पद्मिनींच्या मालकांपुढे निवड उभी आहे : मूळ इंजिन राखून वारसा म्हणून नोंद करायची, की तो मान सोडून देऊन तिला विजेवर पुन्हा रस्त्यावर आणायचे.

३०/
शेवटी पुन्हा त्या १९५८ च्या बसकडे वळू. रिपेल यांनी तिचे मूळ इंजिन उतरवले, तेव्हा वारसा नष्ट होत आहे असे कोणी म्हटले नाही. आज त्या वर्षाची मूळ स्थितीतील मायक्रोबस मोठ्या किमतीची आहे. पण कोणी रिपेल यांच्या त्याच बसमध्ये जुने इंजिन परत बसवून ती ‘पूर्ववत’ केली, तर खंड ओलांडणाऱ्या त्या शर्यतीचा सर्वांत मोठा पुरावाच पुसला जाईल. तिच्या बाबतीत बदल हाच इतिहास झाला आहे.

३१/
आज एखाद्या गॅरेजमध्ये होणारा बदल उद्या इतिहास ठरेल की केवळ तोडफोड, हे आता सांगता येत नाही. म्हणूनच फिवाच्या सल्ल्यातील शेवटचा भाग मोलाचा आहे. इंजिन उतरवताना छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी, काय काढले आणि काय बसवले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी ती वही हाती लागणाऱ्या संशोधकाला त्या गाडीची दोन्ही आयुष्ये वाचता येतील.

(समाप्त)